सुटीचा भोंगा

आमच्या पिढीवर दोन आरोप आहेत. पहिला असा, की आम्ही कामाला भितो. दुसरा असा, की आम्ही माणसांना भितो. पहिला आरोप थोर उद्योगपती व्यासपीठावरून करतात. दुसरा घरोघरचे काका, मामा आणि आत्या फराळाच्या ताटावरून करतात. "हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत," हे एक पालुपद. आणि "हल्लीची पोरं एकलकोंडी झाली, चार माणसांत बसायला नको," हे दुसरे. गंमत अशी, की पुष्कळदा हे दोन्ही आरोप एकच गृहस्थ, एकाच बैठकीत, एकच करंजी हातात धरून करतात. दिवसरात्र राबा असेही तेच सांगतात आणि घरात दिसत नाही म्हणून रागावतातही तेच!

मी सत्तावीस वर्षांची आहे. पुण्याजवळ हिंजवडीला एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते. म्हणजे या खटल्यातली मी आरोपी आहे, आणि आरोपीला आपली बाजू मांडण्याचा अधिकार असतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: आम्हांला कष्ट नको आहेत हे खोटे आहे. आम्हांला कामाचा शेवट हवा आहे. तो शेवट नाहीसा झाला म्हणून आमचा एकांत नाहीसा झाला. आणि ज्याचा एकांत गेला त्याच्या हातून धड काम होत नाही, आणि त्याला माणसांत धड बसताही येत नाही. दोन्ही आरोपांचे मूळ हे असे एकच आहे, आणि ते आमच्या आळसात नाही.

प्रथम उद्योगपतींचा आरोप घेऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. महायुद्धानंतर जपान आणि जर्मनी हे देश असेच उभे राहिले, हा त्यांचा दाखला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी हा आकडा ९० वर नेला. रविवारी आपल्या माणसांकडून काम करून घेता येत नाही याची खंत त्यांनी बोलून दाखविली, आणि घरी बसून नवरा बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असाही प्रश्न विचारला. लिलावात बोली चढावी तसे हे तास चढत आहेत. फरक इतकाच, की बोली लावणारे एक आणि माल दुसऱ्याचा.

हिशेब तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे. आठवड्याचे तास १६८. झोपेचे रोज ८ धरले तर ५६ गेले. कामाचे ९० गेले. उरले २२. आमच्या भागात सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास रस्त्यावर जाणे ही काही अतिशयोक्ती नव्हे. वाकडच्या पुलापाशी अडकलेल्या कोणालाही विचारावे. सहा दिवसांचे ते १२ वजा केले, की हातात राहतात १०. दिवसाला दीड तासही नाही. त्यात आंघोळ करायची, जेवायचे, कपडे धुवायचे, आईला फोन करायचा, आजाऱ्याला भेटायचे, प्रेम करायचे आणि राष्ट्र उभारायचे!

अर्थात हा हिशेब मांडणाऱ्यांच्या मनात एक गृहीत असते. जेवण आपोआप ताटात येते, कपडे आपोआप घडी होऊन कपाटात जातात, मूल आपोआप मोठे होते. हे 'आपोआप' कोण करते? भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बाईचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे निघाला, पुरुषाचा ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. तेव्हा नवऱ्याने बायकोकडे किती वेळ बघायचे हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याने तिच्याकडे थोडा अधिक वेळ बघितले असते तर ती काय करते आहे हे त्याला दिसले असते! आणि बायको स्वतःच नोकरी करीत असेल तर? तिने ९० तासांवर हे ३५ तास कोठे ठेवायचे? सत्तर-नव्वद तासांचे तत्त्वज्ञान हे मुळात ज्याच्या घरी दुसरे कोणी राबते आहे अशा माणसाचे तत्त्वज्ञान आहे.

जपानचा दाखला देणाऱ्यांनी जपानची गोष्ट शेवटपर्यंत सांगावी. त्याच जपानने अतिकामाने येणाऱ्या मरणाला 'करोशी' असे नाव दिले, आणि २०१४ साली ही मरणे टाळण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली जाहीर केले, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. ५५ तासांची ही गोष्ट. ९० ची कोणी मोजून पाहिली तर यमधर्मालाच जादा तास भरावे लागतील.

आता घरच्या वडीलधाऱ्यांकडे वळते. "आम्ही नाही का कष्ट केले?" असे ते विचारतात. केले, आणि त्या कष्टांपुढे माझी मान लवते. पण त्या कष्टांची जी एक बाजू सांगायची राहून जाते, ती मला सांगू द्या.

मुंबईच्या गिरणगावात भोंगा वाजे. लालबाग-परळच्या चाळींतली घड्याळे त्याच्यावर लावली जात. भोंग्याविषयी लिहिणारे बहुतेक जण तो पहाटे माणसांना कसा ओढून नेई याचे वर्णन करतात. पण तोच भोंगा पाळी संपल्यावरही वाजे! आणि तो वाजला की गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणारा माणूस मालकाचा राहत नसे. मग तो भजनाला जावो, तालमीत जावो, गावच्या मंडळाच्या खोलीत पत्ते कुटो, की नुसता गॅलरीत विडी ओढीत बसो. तो वेळ त्याचा.

आणि ही सुटी मालकांनी प्रेमाने दिली नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. मागण्या काय होत्या? रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई. सूर्य मावळल्यावर आम्हांला घरी जाऊ द्या, एवढे मागण्यासाठी सह्या गोळा कराव्या लागत होत्या! एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली; तीत दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज ज्या रविवारी आपण आरामात उशिरा उठतो तो रविवार असा मिळविलेला आहे. तो इंग्रजाने दिलेला नाही आणि पंचांगातून आलेला नाही.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची सीमा पुसली गेली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्या दिव्यांच्या उजेडात चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि कामगारांत असंतोष भडकला. मग कायदे आले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ साली आठवड्याला ६० तास झाले, १९३४ साली बारमाही कारखान्यांना ५४, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या विधेयकातून १९४६ साली ४८ तासांचा आठवडा आला. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने तोच कायम केला आणि जादा कामाला दुप्पट मोल ठरविले.

या तारखा जरा उलट वाचून पाहा. आठवड्याला ७० तासांचा उपदेश २०२३ साली झाला; पण कारखान्यांतून ते ७० तास कायद्याने १९२२ सालीच हद्दपार झाले होते. बारा तासांचा दिवस आणि सहा दिवसांचा आठवडा, हा १९११ चा हिशेब झाला. शंभर वर्षांपूर्वीची जुनी गिरणी रंग देऊन नवी म्हणून आमच्यापुढे मांडली जात आहे, आणि तिच्यात शिरायला आम्ही जरा कुरकुरलो तर आम्ही आळशी! सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तेवढी राखली, आणि तिमाहीतील जादा तासांची मर्यादा ११५ वरून १४४ केली. वाटचाल कोणत्या दिशेने आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस त्यात उतरला, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. लोअर परळला गिरण्यांच्या जमिनीवर आज बाजारपेठा आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. त्या कचेऱ्यांत आमच्यासारखी माणसे बसतात. खुर्ची मऊ, हवा गार, चहा फुकट. फक्त एक वस्तू नाही: भोंगा नाही. काम सुरू होते हे कळते. संपले हे कळत नाही. विजेने जसा सूर्यास्त खाल्ला तसा मोबाइलने घराचा उंबरा खाल्ला. रात्री साडेदहाला पानावर बसावे तो हाताशी तो डबा गुरगुरतो: "एक छोटासा प्रश्न होता." हा 'छोटासा' शब्द आमच्या व्यवसायातला सर्वांत क्रूर शब्द आहे. उत्तराला पाच मिनिटे लागतात, पण पुढची सारी रात्र मन कचेरीत जाऊन बसते, ते सकाळीही परत येत नाही.

आणि यातून काम तरी चांगले होते का? इथेच मुख्य फसगत आहे. मराठीत 'पाट्या टाकणे' असा एक शब्दप्रयोग आहे. पाटीत माती किती हे न पाहता नुसत्या पाट्या मोजल्या, की माणूस अर्ध्या पाट्या टाकायला शिकतो. आमच्याकडे नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. माणूस जागेवर आहे याची ती खूण. तो ठिपका हिरवा ठेवण्यासाठी लोक काय काय करतात! संगणकाचा माउस आपोआप हलवीत राहणारे यंत्र बाजारात विकत मिळते. २०२४ साली अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने, कळफलकावर काम चालू असल्याचा खोटा देखावा केल्याबद्दल, आपली काही माणसे काढून टाकली. माणसे लबाड होती हे मान्य. पण काम न पाहता हालचाल मोजणारी पद्धत कोणी निर्माण केली? तास मोजाल तर तास मिळतील. काम हवे असेल तर काम पाहावे लागते, आणि ते पाहायला साहेबाला स्वतःला ते काम समजावे लागते. अडचण बहुधा तिथेच असावी.

कोणी म्हणेल, मोठी माणसे घड्याळ बघून काम करीत नव्हती. खरे आहे. भारतरत्न पां. वा. काणे वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत राहिले; पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली. साडेसहा हजारांवर पाने! दा. ध. कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटांच्या संशोधन संस्थेत जात, गणित करीत, आणि उरल्या वेळात डोंगरवाटा तुडवीत दगडांतून प्राचीन भारताचा इतिहास वाचीत. ही माणसे नव्वद तासही राबली असतील. कोणी मोजले नाहीत. पण त्यांच्या राबण्याला आमच्या राबण्याचा दाखला करू नका. ते स्वतःच्या प्रश्नामागे राबत होते आणि त्या प्रश्नाशी एकटे बसण्याची सवड त्यांच्याजवळ होती. काण्यांच्या अशिलांनी दर दहा मिनिटांनी त्यांच्या खिशात घंटा वाजविली असती तर धर्मशास्त्राचा पहिला खंडही पुरा झाला नसता. उलट, ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत: अफाट काम एकांतातून निघते.

पण थोरांची गोष्ट सोडा. एकांत म्हणजे विद्वानांची चैन असे वाटायला नको, म्हणून अगदी साधे उदाहरण घेते. आपल्या पणज्या-खापरपणज्या पहाटे अंधारात जात्यावर बसत. ते दळण म्हणजे सक्तमजुरीच होती. तिचे गोडवे गायची मला मुळीच इच्छा नाही, आणि पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल यात शंका नाही. पण त्याच जात्यावर मराठी बायांनी लक्षावधी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव हिंडून त्यांतल्या लाखाहून अधिक गोळा केल्या आहेत. हे कसे घडले? तिचे हात सासरचे होते, पीठ सासरचे होते, वेळसुद्धा सासरचा होता. पण घर निजलेले होते आणि मन तिचे होते. त्या मनाने ती आईशी बोलली, भावाशी बोलली, विठ्ठलाशी भांडली. आमची गोष्ट नेमकी उलटी झाली आहे. आमचे हात मऊ आहेत, पाठीला गादी आहे, पण मनच भाड्याने गेले आहे. खुंटा फिरविता फिरविता ओवी सुचते. निरोपांना उत्तरे देता देता काही सुचत नाही.

आता दुसरा आरोप: एकलकोंडेपणाचा. मराठीत 'एकांत' आणि 'एकटेपणा' असे दोन शब्द आहेत आणि ते सख्खे तर नाहीतच, वैरी आहेत. एकांत माणूस मागून घेतो. एकटेपणा त्याच्या गळ्यात पडतो. एकांतातून उठलेला माणूस चार माणसांत हसत येतो, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते. एकटेपणा भोगणारा चार माणसांतही खाली मान घालून बसतो. दिवसभर मन दुसऱ्याला देऊन रात्री रिकामे घरी आलेले पोर खोलीचे दार लावून घेते, तेव्हा त्याला माणसे नकोशी झालेली नसतात. त्याला आधी स्वतःला भेटायचे असते. ती भेट झाल्यावाचून ते तुम्हांला भेटायला आले तर फक्त शरीराने येईल. तेव्हा काकांनो, आत्यांनो, ते बंद दार तुमच्या तोंडावर लावलेले आहे असे समजू नका. आणि ते उघडून "सुटीचा दिवस तरी वाया घालवू नकोस" असे तर चुकूनही म्हणू नका. वाया घालविण्याचा हक्क असतो, म्हणून तर तिला सुटी म्हणायचे!

इतके बोलल्यावर माझ्या बरोबरीच्यांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. मित्रांनो, आपल्यातही दोन पंथ आहेत. एक पंथ रात्री दोनपर्यंत कचेरीत बसल्याचे फोटो चारचौघांत मिरवितो. गुलामाने साखळीला सोन्याचा मुलामा द्यावा त्यातला हा प्रकार. असा एक मिरविणारा निघाला की त्याच्या शेजारच्या दहांना वेळेवर उठणे चोरीसारखे वाटू लागते. त्याचे शौर्य दुसऱ्यांच्या संध्याकाळी खाते. दुसरा पंथ याहून मोठा. त्याला मुश्किलीने एक तास मोकळा मिळतो आणि तो तास तो अंगठ्याखाली सरकणाऱ्या चित्रांना वाहून टाकतो. एका मालकाकडून सुटलेले मन दुसऱ्याच्या दावणीला बांधायचे, मग सुटीसाठी भांडायचे तरी कशाला? लोखंड्यांनी मिळविलेला रविवार आपण असा कवडीमोलाने विकू लागलो, तर सत्तर तासवाल्यांना दोष देण्याचे तोंड आपल्याला राहणार नाही.

मग करायचे काय? निवृत्ती घेऊन डोंगरावर जावे असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते, की सुटीचा भोंगा पुन्हा वाजला पाहिजे. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून, कामाची वेळ संपल्यावर कचेरीशी संबंध तोडण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली तसाच हक्क दिला. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशा हक्काचे खासगी विधेयक मांडले होते, २०२५ साली पुन्हा मांडले. ते कोणत्या बाकावरून आले हे विसरून सर्वांनीच ते वाचावे. कायदा होईल तेव्हा होवो. तोवर साहेबलोकांनी रात्रीचा 'छोटासा प्रश्न' सकाळपर्यंत दाबून ठेवावा. बहुतेक प्रश्न सकाळी आपोआप मेलेले आढळतात. घरच्यांनी आमचा एक तास आमच्याकडे राहू द्यावा, आणि विशेषतः तो घरातल्या सुनेला व लेकीलाही द्यावा. तिचा भोंगा तर कोणत्याच कायद्यात नाही. आणि आम्ही तो तास मिळाल्यावर यंत्र दूर ठेवून स्वतःजवळ बसायला शिकावे.

वाचकहो, १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजना'ने दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांना एक अजब सवय लागली: सण माणसांनी भरलेला असताना कोणीतरी एकजण कोपऱ्यात अंक घेऊन बसलेला असे, आणि त्याला कोणी एकलकोंडा म्हणत नसे. चकलीचा घास आणि पानाचा घास बरोबर चाले. ती सवय म्हणजे आपल्या समाजाने एकांताला दिलेली मान्यताच होती. तुमच्या घरात आज असा कोणी कोपऱ्यात बसलेला दिसला, तर त्याला उठवू नका. तो काम चुकवीत नाही. उद्याच्या कामासाठी लागणारा माणूस तो तयार करतो आहे.